दाजींनी न घेतलेला डबा

आमच्या दाजींना चहा कधी विचारायचा नसायचा. सरळ समोर ठेवायचा. विचारलं की संपलं. साखरेचा का गुळाचा, आलं ठेचून का गवती चहा घालून, कपात का ग्लासात, हे सगळं आधी ते आपल्याला विचारणार. मग मान तिरकी करून, डोळे बारीक करून घशातनं एक "हं…" काढणार. बोअरच्या मोटारीला पाणी लागायच्या आधी नुसतीच हवा येते ना, अगदी तसला आवाज. आणि म्हणणार, "कसंय माहितीये का, घाई नको. बघू आपण." तोवर आत आईच्या चहाचा काढा झालेला असायचा.

हा "हं…" मला हुबेहूब जमतो. सोसायटीच्या गणपतीत एकदा मी स्टेजवर तो काढला आणि नारळ निवडणारा माणूस करून दाखवला. माणूस नारळ कानाशी धरतो, हलवतो, दुसरा घेतो, परत पहिला घेतो, शेवटी तसाच घरी जातो. लोक खुर्च्यांवरनं खाली पडायचे बाकी होते. दाजी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. नंतर मला म्हणाले, "छान करतोस रे. कुणाची नक्कल होती?"

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. गाव अकलूजकडचं, घरी ऊस, शेती मोठा भाऊ बघतो. स्वतः पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला होते. ताईला बघायला आले तेव्हा मी बारावीत होतो. पोह्यांची बशी हातात दिली आणि हा माणूस उठून उभा राहिला. मोबाइल डोक्याच्या वर धरून हॉलमध्ये फिरला. मग स्वयंपाकघरात गेला. आईला वाटलं, पाहुण्यांना बाथरूमला जायचंय, म्हणून तिनं घाईघाईनं बोट दाखवलं. तर हे परत येऊन बाबांना म्हणाले, "तुमच्याकडं रेंज दोनच काड्या येते." बाबांनी जणू टॉवर आपल्याच पगारातनं बांधलाय अशा चेहऱ्यानं माफी मागितली.

आत ताई तोंडावर ओढणी दाबून हसत होती. नंतर मला म्हणाली, "ह्याच्या आधीच्यांनी माझा पगार विचारला, ड्युटी विचारली, लग्नानंतर नोकरी सोडणार का विचारलं. ह्यानं नुसती रेंज विचारली. माणूस साधा हाय रे." मी म्हणालो, "साधा न्हाय ताई, रिकामा हाय." तिनं माझ्या डोक्यात टपली मारली.

पुढं अख्खा उन्हाळा गेला तरी त्यांच्याकडनं होय नाही आणि नाही नाही. शेवटी ताईनंच फोन लावला. "तुमचं ठरतंय का मी दुसरीकडं बघू?" पलीकडनं "हं…" आला. ताई म्हणाली, "हे मी होय धरते." लग्न झालं ते असं. दाजींच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि तोही दुसऱ्यानंच घेतलेला.

ताई नर्स. पुण्याच्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करत करत तिनं इंग्रजीची परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि आयर्लंडातल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळवली. संक्रांत झाली की तिला निघायचं होतं. दाजींचा व्हिसा तिच्यामागनं येणार होता. दाजींनी काय करावं? आधी नोकरी सोडली, पुण्याचं भाड्याचं घर सोडलं आणि ताईला बजावलं, "तू पुढं हो. पण घरातलं इंटरनेट आणि टीव्हीचा बॉक्स ह्याला हात लावू नकोस. कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवतात. तुला फसवतील. ते मी बघतो."

ताई गेली. दाजी व्हिसा येईपर्यंत राहायला आमच्याकडं सोलापूरला आले. अकलूजला का गेले नाहीत? तर तिकडं भाऊ पहाटे उठवून उसाला पाणी द्यायला लावतो. आमच्याकडं वाय-फाय होतं, कूलर होता, आणि जावयाला कुणी काही बोलत नाही.

तर परिस्थिती अशी. माझी बहीण परक्या देशात एकटी, आणि तिचा नवरा आमच्या हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीत. तो तिच्याजवळ जाऊन पोचणार कधी, एवढाच प्रश्न आमच्या घरात होता. तोंडावर कुणी विचारत नव्हतं, पण सगळे तोच विचार करत होते.

दाजींचं काम रोज सकाळी नाश्त्यानंतर सुरू व्हायचं. आई मंद्रूपच्या शाळेत शिक्षिका, तिचा एक जुना गुंडाळफळा घरी होता. दाजींनी तो हॉलच्या भिंतीवर टांगला. एका बाजूला आयर्लंडातल्या इंटरनेट कंपन्या, दुसऱ्या बाजूला टीव्हीचे बॉक्स. मध्ये खडूनं आखलेले रकाने. स्पीड किती, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, राउटर फुकट का भाड्यानं, पहिल्या वर्षानंतर दर वाढतो का. बॉक्सच्या बाजूला मेमरी, रिमोटला माइक आहे का, मराठी चॅनेलचं ॲप तिकडं चालतं का. ज्या घरासाठी हे चाललं होतं ते घर ह्यांनी पाहिलेलं नव्हतं. ज्या कंपन्यांचे गुण मांडत होते त्यांचं एकही दुकान पाहिलेलं नव्हतं. पण बोलायचे असे की दोन्ही कंपन्यांचे मालक शेजारच्या बोळात राहतात.

"बाबा, तिकडं टीव्ही ठेवायला लायसन लागतं बरं का," एकदा म्हणाले.

बाबा पेपर खाली करून बघत राहिले. "का हो, गोळी सुटते का त्यातनं?"

"नाही, सरकारचा नियम आहे."

"मग न्हाय ठेवला टीव्ही तर?"

दाजींनी मान तिरकी केली. "हं… तोही एक पर्याय आहे." आणि उठून फळ्यावर नवीन रकाना आखला.

मग त्यांना वाटलं, नुसतं वाचून कळत नाही, वापरून बघितलं पाहिजे. त्यांनी इथंच बॉक्स मागवायला सुरुवात केली. एक यायचा, आमच्या टीव्हीला जोडायचे, चार दिवस बघायचे, परत पाठवायचे. दुसरा यायचा. आयर्लंडात चालवायचा बॉक्स सोलापूरच्या नेटवर तपासायचा, म्हणजे इथल्या मे महिन्यात स्वेटर घालून तिकडची थंडी बघण्यातला प्रकार. मी तसं म्हणालोसुद्धा. दाजी शांतपणे म्हणाले, "कसंय माहितीये का, सॉफ्टवेअर तेच असतं." पार्सलवाला पोरगा इतका ओळखीचा झाला की तो खालनंच ओरडायचा, "काका, न्यायचाय का आणलेला ठेवायचाय?"

ह्या सगळ्यात हाल आईचे. शाळेतनं बसनं दमून यायची, हातपाय धुऊन तिची सातची मालिका लावायला बसायची, तर टीव्हीवर दुसराच पडदा. रिमोट रोज वेगळा. एकावर आकडे नाहीत, एकावर नुसतं गोल चाक. एकदा तिनं माइकचं बटण दाबून ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाली, "काय मेला डबा आणलाय." टीव्हीनं लगेच तिला जेवणाचे डबे दाखवले. स्टीलचे, झाकणासकट. आईनं रिमोट देवासमोर ठेवावा तसा हळूच खाली ठेवला. दाजी खूश. "बघा, मराठी कळतं ह्याला! एक मार्क वाढला."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोच सीन करून दाखवायचो. आई भाकरी थापता थापता हसायची आणि पिठाच्या हातानं मला गप्प करायची. "हळू बोल की! जावई हायेत. ऐकतील."

"ऐकू दे की. आठ दिवस ठीक हाय, आता शेंगाची चटणी दोन डबे संपली."

"चटणीचं काय घेऊन बसलास. मानानं राहू दे माणसाला."

आमच्याकडं जावयाचा मान म्हणजे असला. बाबा स्वतःच्या खुर्चीपुढं उभं राहून पेपर वाचायचे. कूलरचं तोंड दाजींकडं, आम्ही घामात. भाकरी त्यांना तव्यावरनं, आम्हाला टोपलीतनं. आणि एवढा मान खाऊन हा माणूस करत काय होता, तर एका डब्याचा विचार.

ताईचा फोन संध्याकाळी यायचा. तिकडं तेव्हा दुपार. कधी ती झोपून उठलेली, कधी ड्युटीला निघालेली. फोन दाजींच्या हातात. "जेवलीस का" नाही, "थंडी आहे का" नाही. "ती खिडकीच्या बाजूची भिंत आहे ना, तिच्यावर टकटक कर."

ताई टकटक करायची.

"आवाज भरीव येतोय का पोकळ?"

"काय माहीत. भिंतीसारखा येतोय."

"नीट सांग ना. वीट असली तर सिग्नल अडतो, फळी असली तर जातो. आता बेडरूममधल्या भिंतीवर कर."

माझी बहीण परक्या देशात दिवसरात्र लोकांच्या नाड्या बघून यायची, आणि घरी येऊन नवऱ्यासाठी भिंतींवर बोटं वाजवायची. मग म्हणायची, "बरं, माझा मोबाइलचा डेटा संपत आलाय. आईला द्या." आईच्या वाट्याला दोन मिनिटं. तेवढ्यात आई काय विचारणार? "बरी हायेस ना?" "हो गं." झालं. माझा तिळपापड व्हायचा. आई मात्र फोन खाली ठेवून शांतपणे भाजी निवडायला बसायची. मला वाटायचं, बिचारी गिळून घेतेय.

एकदा मी दाजींना सरळ म्हणालो, "अहो, कुठलं तरी एक घेऊ द्या की तिला. न्हाय आवडलं तर बदलता येतं."

ते माझ्याकडं अशा दयेनं बघायला लागले की जणू मी पाचवी नापास झालोय. "घेणं सोपं असतं रे. एकदा घेतलं की मग बाकीचे सगळे हातचे जातात." हे वाक्य त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की मी पुढचे आठ दिवस ते आंघोळ करताना म्हणत होतो, त्यांच्या आवाजात, बादलीत तोंड घालून.

तेवढ्यात अधिक महिना लागला. ह्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जोडीनं ओवाळायचं, हा आमच्याकडचा मोठा मान. जावई तर घरातच होता, बोलवायचा खर्च वाचला. पण जोडीतली लेक कुठनं आणायची? आईनं डोकं लढवलं. दोन पाट मांडले. एका पाटावर दाजी, नव्या टॉवेल-टोपीत. शेजारच्या पाटावर पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकून ताईचा व्हिडिओ कॉल. ताई तिकडं नुकतीच रात्रपाळीवरनं आलेली, अंगावर हॉस्पिटलचाच ड्रेस, डोळे सुजलेले. पण हसत होती. शेजारच्या पाटीलकाकू मुद्दाम बघायला आल्या होत्या.

आईनं दाजींना कुंकू लावलं. मग मागंपुढं न बघता करंगळी बुडवून फोनवर ताईच्या कपाळालाही लावलं. त्याबरोबर आवाज बंद. ताईचं तोंड हलतंय, ऐकू काही येईना. बाबा म्हणाले, "आगं, म्यूट केलंस तिला." पाटीलकाकू म्हणाल्या, "लग्नात पण एवढी गप्प नव्हती की हो ती." मी कुंकू पुसून आवाज चालू केला.

आई निरांजन घेऊन ओवाळायला लागली आणि पाटीलकाकूंनी विचारलं, "मग काय जावईबापू? नेटचं आन् डब्याचं ठरलं का न्हाय एकदाचं? आमच्या सोसायटीत सगळे विचारतेत."

दाजींनी टोपी सारखी केली. आम्ही सगळे थांबलो. संक्रांतीपासून ह्या घरानं ज्याची वाट बघितली ते येणार होतं.

"ठरलं," दाजी म्हणाले.

बाबांनी वर बघून हात जोडले.

"आत्ता घ्यायचं नाही. नोव्हेंबरात तिकडं मोठी ऑफर लागते. तेव्हा बॉक्स आणि नेट एकत्र पडतं. तोवर थांबायचं."

मी फोनकडं बघितलं. ताईचं हसू तसंच होतं, पण डोळे हसत नव्हते. ती म्हणाली, "थांबा. दाखवतेच." आणि तिनं फोन फिरवला.

भिंतीवर टीव्ही. खाली छोट्या टेबलावर काळा डबा, त्याच्या शेजारी पांढरा राउटर आणि त्यावर हिरवा दिवा. टीव्हीवर आईचीच मालिका, थांबवून ठेवलेली. चित्र इतकं स्वच्छ की मालिकेतल्या टेबलावरची धूळ दिसत होती.

"पोचले त्याच आठवड्यात घेतलं," मागनं ताईचा आवाज आला. "वरच्या मजल्यावर केरळची एक नर्स राहते. तिच्याकडं जे होतं तेच. चहा व्हायच्या आत झालं."

पाटीलकाकू छताकडं बघायला लागल्या. दाजी मान तिरकी करून त्या हिरव्या दिव्याकडं बघत बसले. मग विचारलं, "स्पीड किती येतो?"

"चांगला येतो."

"बेडरूममध्येसुद्धा?"

"बेडरूममध्येसुद्धा."

"मग सांगितलं का नाहीस?"

ताईनं फोन परत आपल्याकडं फिरवला. कपाळावर, म्हणजे काचेवर, कुंकवाचा पुसट डाग होता. "तुम्ही त्याच्यासाठी का होईना, रोज माझ्याशी बोलत होता," ती म्हणाली. "म्हटलं, बोलू देत."

मी आईकडं बघितलं. तिच्या हातातलं निरांजन हललंसुद्धा नव्हतं. तिनं राहिलेलं ओवाळणं पूर्ण केलं. बाबा म्हणाले, "जेवा हो जावईबापू, धोंडे गार होतेत."

जेवण झाल्यावर मी बाहेरच्या नळावर हात धुवत होतो. दाजी फोन घेऊन व्हरांड्यात आले. मी दिसत नव्हतो त्यांना. म्हणाले, "मग मी तिकडं येऊन करू काय?"

स्पीकर चालू होता. ताई म्हणाली, "या की नुसतं. मी कामावरनं येते तेव्हा घरात अंधार असतो. कुणीतरी दिवा लावलेला असला तरी लई झालं."

ह्याला त्यांच्या फळ्यावर रकाना नव्हता. त्यांनी "हं…" केलं आणि फोन आत आईला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसला, गुंडाळला आणि आईला म्हणाले, "शाळेत घेऊन जा, पोरांच्या उपयोगी पडेल." मी आईला कोपऱ्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"मधल्या सुट्टीत रोज बोलते की ती माझ्याशी. उठल्या उठल्या लावते फोन."

"मग मला सांगायचं की!"

"तुला? तू गणपतीत स्टेजवर केलं असतंस."



पंधरवड्यात व्हिसा आला. बाबांनी पेढे वाटले. आई लोकरीचे मोजे घेऊन आली. व्हिसावर लिहिलं होतं, अमुक तारखेच्या आत तिकडं पोचलं पाहिजे. वेळ भरपूर होता. दाजींनी लॅपटॉप उघडला आणि विमानाची तिकिटं बघायला लागले. दोह्यावरनं का अबुधाबीवरनं. मुंबईहून का हैदराबादहून. मंगळवारी स्वस्त होतात म्हणे. मंगळवार गेला. बुधवारी म्हणे चढले, आता उतरायची वाट बघू. ताई फोनवर म्हणाली, "मी काढते तिकीट." हे म्हणाले, "नको नको. तुला फसवतील."

जावयाला आयुष्यात एक वाकडा शब्द न बोललेले आमचे बाबा त्या दिवशी पेपरची घडी करून समोर उभे राहिले. "जावईबापू, पोरगी वाट बघतीय तिकडं. विमान हाय ते. मंडईतली मेथी न्हाय, संध्याकाळी स्वस्त व्हायला."

दाजींनी मान खाली घातली. "हो, बघतोच आज."

बघत राहिले. घरात सगळ्यांना ती तारीख पाठ होती. ती तारीख उजाडली त्या दिवशी आई शाळेत गेली नाही. दाजी लॅपटॉप मांडीवर घेऊन कूलरपुढं बसले होते. त्यांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. दिवेलागणीला ताईचा फोन आला तो आईनं घेतला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी हॉलमध्ये दाजींसमोर बसून होतो. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. एवढा मोठा माणूस, हातात व्हिसा, पलीकडं बायको, आणि हा तिकिटाच्या भावाला भीत होता! मी त्या दिवशी ठरवलं की हा माणूस भेकड आहे, आणि माझं मत मी अजून बदललेलं नाही.

सकाळी त्यांनी बॅग भरली. "अकलूजला जाऊन येतो," म्हणाले. दरवेळी "थांबा की, जेवून जा" म्हणणाऱ्या आईनं नुसता बॅगेत चटणीचा डबा ठेवला. मी त्यांना गाडीवरनं स्टँडला सोडलं. अकलूजला टेंभुर्णीवरनं जावं का पंढरपूरवरनं, ह्यावर ह्या माणसानं एरवी अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी जी पहिली एसटी लागली तीत चढले. विमानाला सगळा पावसाळा आणि एसटीला अर्धं मिनिट.

पुढचं फार नाही. परत व्हिसाला अर्ज करायचं त्यांच्याकडनं ठरलं नाही, आणि ह्या वेळी ताईनं त्यांचा "हं…" होय धरला नाही. कागद झाले, दोघं वेगळे झाले. ताई तिकडंच आहे, आता वॉर्डाची मुख्य नर्स. मागं सुट्टीला आली तेव्हा मी तिला हसवायला म्हणून दाजींचा चहा करून दाखवला. हसली. मग म्हणाली, "बास आता."

"भेकड माणूस," मी म्हणालो.

"भेकड नव्हते रे. त्यांना वाटलं असेल, तिकडं सगळं आधीच मांडून ठेवलंय, आपल्याला ठेवायला जागाच नाही."

"जागा होती की. तू सांगितली होतीस."

"सांगितली होती," ताई म्हणाली, आणि उठून आईला भाकऱ्या करायला मदत करायला गेली.

गेल्या हिवाळ्यात मी बाजारातनं येत होतो. मोटारपंपाच्या दुकानाबाहेर एक माणूस हातात काळा पाईप घेऊन, एक डोळा मिटून पाईपाच्या आत बघत होता. मान तिरकी. दोन वर्षं मी ह्या माणसासाठी टोमणे साठवून ठेवले होते. एक-एक असा की स्टेजवर टाकला तर मंडप कोसळावा. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं, तर "ओ दाजी!"

ते दचकून वळले. केस पिकले होते, उन्हानं रंग रापला होता. शर्टाच्या खिशाला चिखल. "अरे! बरा आहेस का?"

"बरा हाय. तुमी?"

"ऊस आहे. भाऊ आहे. चाललंय. पाईप इथं स्वस्त पडतो म्हणून आलो." मग म्हणाले, "आईंचे गुडघे?"

"दुखतेत. तरी बसनं जाते."

"जाऊ देऊ नका एवढं." ताईचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. दुकानदार आतनं "घ्यायचा का पाईप?" म्हणून ओरडला तर त्यांनी पाईप फिरवून दुसऱ्या टोकानं आत बघितलं.

मग म्हणाले, "तू अजून दाजी म्हणतोस."

"सवय. मग काय म्हणू?"

"नाव घे की. आता काय."

मी तोंड उघडलं. नाव मला माहीत होतं. लग्नाच्या पत्रिकेवर वाचलं होतं, त्यांच्या पार्सलांवर वाचलं होतं, त्यांच्या वतीनं सह्याही केल्या होत्या. मी सोलापुरातल्या कुठल्याही माणसाचा आवाज काढतो. पण ते नाव काही तोंडातनं निघेना. दाजी माझ्याकडं बघत थांबले, मग हसल्यासारखं करून त्यांनी दुकानदाराला पैसे दिले, पाईप गाडीवर टाकला आणि किक मारली.

रस्त्याला लागले तर पाईपाचं टोक मागं खाली आलेलं, रस्त्यावर घासत चाललेलं.

"दाजी!" मी ओरडलो. "पाईप लोंबतोय मागनं!"

त्यांनी मागं न बघता एक हात वर केला आणि तसेच गेले.